दूरच्या ग्रहावरील स्फोट: विज्ञानकथा मालिका दहशतवाद कसा मांडतात

आपला प्रश्न इतर वाचकांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’, ‘स्टार ट्रेक’, ‘अँडोर’ यांसारख्या परदेशी विज्ञानकथा मालिका दहशतवादाविषयी थेट न बोलता परग्रह, यंत्रमानव आणि रूप पालटणारे जीव यांच्या आडून का बोलतात, त्या रूपकाचा अर्थ कसा लावावा, आणि बॉम्ब ठेवणाऱ्याला कथेत नायकाची जागा दिली की दहशतवादाचे समर्थन होत नाही काय, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात बरीच वर्षे पटकथालेखन शिकवतो आहे. हे तिन्ही प्रश्न वर्गात वारंवार निघतात आणि त्यांतला तिसरा दर वेळी सर्वांत तळमळीने विचारला जातो. त्यामुळे उत्तर लांबले तर समजून घ्यावे.

रूपकाचे वाचन बहुतेक वेळा शाळेतल्या ‘जोड्या जुळवा’सारखे केले जाते: अमुक ग्रह म्हणजे इराक, अमुक सैन्य म्हणजे अमेरिका, अमुक टोळी म्हणजे अल् कायदा. जोड्या जुळल्या की अर्थ सापडल्याचे समाधान मिळते, पण मालिकेचे खरे म्हणणे बहुधा तेथे नसतेच. प्रत्येक विज्ञानकथेच्या जगाला एक कल्पित नियम असतो. एखाद्या जगात मेलेले परत येतात, एखाद्या जगात शेजारी बसलेला माणूस माणूस नसू शकतो. हा नियम हिंसेवर काय परिणाम करतो, म्हणजे त्यामुळे कोण मरते, कोण वाचते आणि भीती कोणत्या वाटेने पसरते, हे मी आधी पाहतो. दुसरी गोष्ट पाहतो ती मेलेल्यांची नोंद. स्फोटात जे मेले त्यांना कथेत चेहरा आहे की ते धुरात विरून गेले, यावरून त्या मालिकेची नियत कळते. पुढची सगळी उदाहरणे मी याच दोन कसोट्यांवर घासून पाहणार आहे.

आडून बोलण्याची गरज का पडते, याची अमेरिकी दूरचित्रवाणीपुरती एक स्पष्ट हकिकत आहे. १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. त्या घटनेवरून रॉड सर्लिंग यांनी दूरचित्रवाणीसाठी संहिता लिहिली, आणि प्रायोजकांच्या दबावाखाली तिच्यातील ठिकाण आणि बळी दोन्ही बदलून टाकण्यात आले. ती १९५६ साली प्रसारित झाली तेव्हा मूळ घटनेशी तिचे नाते उरले नव्हते. याच सर्लिंग यांनी १९५९ साली ‘द ट्वायलाइट झोन’ सुरू केली आणि जे गावाचे नाव घेऊन बोलता येत नव्हते ते परग्रहवासीयांच्या तोंडून बोलायला सुरुवात केली. आपल्याला हे नवे वाटण्याचे कारण नाही. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले, तेव्हा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कोणी समजावून सांगावे लागले नव्हते. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी सरकारने या नाटकावर बंदी घातली. राजकीय हिंसा योग्य की अयोग्य, हा प्रश्न मराठी माणसाने महाभारताचा पोशाख चढवून भर थिएटरात विचारला होता, हे ध्यानात घ्यावे. कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात कंपनीलाही आपल्या शिवाजी महाराजांवरील मूकपटाचे ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावे लागले आणि १९३० साली तो ‘उदयकाल’ म्हणून प्रदर्शित झाला. पौराणिक आणि ऐतिहासिक कथेने जे काम आपल्याकडे केले, तेच अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये भविष्यकथेने केले.

आता मालिकांकडे येतो. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेचा ‘द हाय ग्राउंड’ नावाचा भाग जानेवारी १९९० मध्ये प्रसारित झाला. एका ग्रहावर फुटीरतावाद्यांची सशस्त्र चळवळ चालू आहे, ते उपाहारगृहात स्फोट घडवतात आणि जहाजावरील डॉक्टर बेव्हर्ली क्रशर हिला पळवून नेतात. या भागात डेटा हा यंत्रमानव आपल्या कॅप्टनशी बोलताना इतिहासातील हिंसक चळवळींना यश आल्याची उदाहरणे देतो आणि त्यांत २०२४ साली झालेल्या आयर्लंडच्या एकीकरणाचा उल्लेख करतो. उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्ये राहावे की आयर्लंडला जोडले जावे, यावरून तेथे तेव्हा रक्तपात चालू होता. बीबीसीने हा भाग त्यामुळे अनेक वर्षे दाखवला नाही. परग्रहावरची सगळी गोष्ट चालली असती, पण एका ओळीत खरे नाव आले आणि रूपकाचे कवच गळून पडले.

हा भाग मला पूर्ण साधलेला वाटत नाही, कारण चळवळीची मूळ मागणी काय आहे हे तो जवळजवळ सांगतच नाही आणि त्यामुळे पुढाऱ्याचे बोलणे पोकळ राहते. पण त्यातील कल्पित नियम विलक्षण आहे. हे बंडखोर एका यंत्राच्या साहाय्याने अवकाशाला घडी घालून कोठेही प्रकट होऊ शकतात, त्यांचा माग काढता येत नाही, आणि प्रत्येक वापरागणिक ते यंत्र वापरणाऱ्याच्याच शरीराची कधीही न भरून येणारी हानी करते. डॉक्टरला पळवले जाते ते या मरणाऱ्या माणसांवर उपचार करण्यासाठी. हिंसेचे साधन वापरणाऱ्यालाच आतून खात जाते, हे कोणी भाषणात सांगितले असते तर उपदेश झाला असता. येथे ते तपासणीच्या खाटेवर पडलेल्या माणसाच्या रूपाने दिसते.

‘डीप स्पेस नाइन’ ही त्याच परिवारातील मालिका १९९३ ते १९९९ या काळात चालली आणि माझ्या मते या विषयावर तिच्याइतके धीटपणे त्या दशकात कोणी बोलले नाही. बेजोर या ग्रहावर कार्डेसियन लोकांनी अनेक दशके कबजा ठेवला होता आणि तो नुकताच उठला आहे, येथून कथा सुरू होते. प्रमुख पात्रांपैकी मेजर किरा नेरिस ही त्या कबजाविरुद्ध लहान वयापासून लढलेली स्त्री आहे. आपण दहशतवादी होतो, हे ती स्वतःच्या तोंडाने सांगते, लपवत नाही. अमेरिकेच्या घराघरांत पोचलेल्या मालिकेत असे पात्र सात पर्वे टिकले, हे ११ सप्टेंबर २००१ च्या आधीच शक्य होते, असे मला वाटते.

पहिल्याच पर्वातला ‘ड्युएट’ हा भाग मी प्रत्येक तुकडीला दाखवतो. त्यात फारसे काही घडत नाही. एका खोलीत किरा आहे आणि कोठडीत एक कार्डेसियन कैदी आहे, ज्याच्यावर छळछावणीचा क्रूर प्रमुख असल्याचा संशय आहे. तो आधी इन्कार करतो, मग फुशारकीने सगळ्या हत्यांची कबुली देतो, आणि शेवटी उलगडते की तो त्या छावणीतला साधा कारकून होता. रात्री येणाऱ्या किंकाळ्या ऐकून कानांवर हात ठेवणारा हा कारकून आता मृत अधिकाऱ्याचे रूप घेऊन फाशी जायला आला आहे, कारण आपल्या समाजाने गुन्हा कबूल करावा अशी त्याची तळमळ आहे. किरा त्याला सोडून देते. बाहेर पडताच एक बेजोरी माणूस त्याला भोसकतो, आणि कारण विचारल्यावर तो कार्डेसियन होता एवढेच सांगतो. बंदुकीच्या जोरावर स्वातंत्र्य मिळवलेली किरा तेव्हा म्हणते की एवढे कारण पुरेसे नाही. तिच्या तोंडी ते वाक्य ठेवण्यासाठीच आधीचा सगळा भाग रचलेला आहे. दुसऱ्या कोणी ते म्हटले असते तर त्याला वजन आले नसते.

याच मालिकेने जानेवारी १९९६ मध्ये ‘होमफ्रंट’ आणि ‘पॅराडाइज लॉस्ट’ हे जोडभाग दाखवले. रूप पालटणाऱ्या चेंजलिंग जातीच्या हेराने पृथ्वीवर एका परिषदेत स्फोट केला आहे. कोणीही चेंजलिंग असू शकतो, म्हणून सैनिकांच्या कुटुंबीयांसह सर्वांची रक्ततपासणी सुरू होते. नायक कॅप्टन सिस्को याचे वडील न्यू ऑर्लिन्समध्ये खानावळ चालवतात आणि ते तपासणीला साफ नकार देतात. मग एका प्रसंगी भाजी चिरताना म्हाताऱ्याच्या हाताला सुरी लागते. मुलगा मदतीला धावतो आणि त्याची नजर सुरीच्या पात्यावरच्या रक्ताकडे जाते, ते रक्त रूप बदलते का हे पाहण्यासाठी. वडिलांना ती नजर कळते. दहशतवाद घरात शिरतो तो कसा, हे दाखवायला या मालिकेला एक सुरी आणि एक नजर पुरली. पुढे उघड होते की पृथ्वीची वीज तोडण्याचे काम शत्रूने केलेले नसून लष्करी सत्ता आणू पाहणाऱ्या स्वतःच्याच अॅडमिरलने करवले होते. एक चेंजलिंग सिस्कोला भेटून सांगतो की संपूर्ण ग्रहावर आम्ही फक्त चौघे आहोत. आणीबाणीचे कायदे, संशय आणि पहारे यांची चर्चा जगाने पुढे २००१ नंतर केली. या लेखकांनी ती पाच वर्षे आधी केली होती आणि चार हा आकडा कथेच्या मर्मस्थानी ठेवला होता.

आता ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’विषयी, कारण आपल्या प्रश्नाचा मुख्य रोख तिच्याकडे आहे. १९७८ च्या जुन्या मालिकेची ही नवी मांडणी रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आयक यांनी डिसेंबर २००३ मध्ये लघुमालिकेच्या रूपाने आणली आणि ती २००९ पर्यंत चालली. मूर यांनी आधी ‘डीप स्पेस नाइन’साठी लेखन केले होते, हे येथे महत्त्वाचे आहे. माणसांनीच घडवलेले सायलॉन हे यंत्रमानव बारा वसाहतींवर अणुहल्ला करतात आणि उरलेली माणसे जहाजांच्या तांड्यातून पळत राहतात. सुरुवातीला रूपक सोपे वाटते. हल्ला झाला तो आपल्यावर, शत्रू आपल्यातच माणसाच्या रूपात लपलेला, आणि कैद्यांचा छळ करणारे अधिकारी मात्र आपले. हा भागही गंभीर आहे. स्टारबक सायलॉन कैद्याला पाण्यात बुडवून चौकशी करते, तेव्हा आपली नायिका काय करते आहे याकडे मालिका प्रेक्षकाला डोळे मिटू देत नाही.

पण खरी उलथापालथ झाली ती तिसऱ्या पर्वात, ऑक्टोबर २००६ मध्ये. माणसांनी न्यू कॅप्रिका या ग्रहावर वस्ती केली आहे आणि सायलॉन तेथे येऊन कबजा करतात. आता इराकमध्ये चौथे वर्ष काढणाऱ्या अमेरिकी फौजेच्या जागी सायलॉन आहेत, आणि प्रेक्षकाचे लाडके नायक तंबूंच्या वस्तीत लपून स्फोटके जुळवणारे बंडखोर झाले आहेत. येथपर्यंतचे सगळे जोड्या जुळवूनही कळते. पुढचे कळायला त्या जगाचा नियम पाहावा लागतो. सायलॉन मेला की त्याची जाणीव दुसऱ्या शरीरात जागी होते, म्हणजे सायलॉनला मारून काहीच साधत नाही, तो परत येतो. मग मारायचे कोणाला? उरतो तो फितूर. सायलॉनांनी स्थानिक माणसांचे पोलीस दल उभे केले आहे, ते रात्री चेहरे झाकून स्वतःच्याच शेजाऱ्यांना उचलून नेते, आणि बंडखोरांचे स्फोट हळूहळू या आपल्याच माणसांकडे वळतात. कबजा करणारा जवळजवळ सुरक्षित आहे आणि दोन्हीकडून मरणारे एकाच वस्तीतले आहेत. पुनर्जन्माच्या या एका कल्पनेने अनेक देशांतील सशस्त्र संघर्षांचे जे दुर्दैव उघडे केले, ते मला कोणत्याही वास्तववादी युद्धमालिकेत इतके लख्ख दिसलेले नाही.

पोलीस दलाच्या दीक्षान्त समारंभात आत्मघाती स्फोट होतो. तो करणारा डक हा आधी हसरा वैमानिक होता. इंटरनेटवर आधी प्रसिद्ध झालेल्या छोट्या भागांत त्याची पत्नी नोरा मंदिरात मारली जाताना दिसते, त्यानंतर तो पोलिसांत नाव नोंदवतो. स्फोटाआधीचा तो रांगेत उभा असलेला प्रसंग पुन्हा पाहावा. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या नव्या शिपायांना तो ओळखतो, त्यांच्याबरोबर त्याने प्रशिक्षण घेतले आहे. नंतर बंडखोरांमध्येच वाद होतो. त्यांच्यापैकी टिरोल हरकत घेतो. कर्नल टाय, ज्याचा एक डोळा सायलॉनांनी काढला आहे, त्याला सांगतो की आपण मरणाच्या बाजूचे आहोत, दुष्टच आहोत, आणि हे मान्य करून आपल्याला चालायचे आहे. तो समर्थनाचा बुरखा घेत नाही, हे या पात्राचे वेगळेपण. दुसरीकडे, सायलॉनांचा बाहुला बनलेला अध्यक्ष बाल्टर कैदेतल्या माजी अध्यक्ष रोझलिनला विचारतो की अंगाला स्फोटके बांधून मुलांना गर्दीत पाठवणे तुला पटते असे माझ्या डोळ्यांत पाहून सांग. बाल्टर लबाड आहे, भेकड आहे, आणि तरीही प्रश्न त्याच्या तोंडून आला आहे. रोझलिन, जिच्यावर आपण आजवर विश्वास ठेवला, तिच्याकडे त्यावर उत्तर नाही. योग्य प्रश्न चुकीच्या माणसाच्या तोंडी देणे हे पटकथेतले मोठे धाडस आहे, आणि त्यामुळे प्रेक्षकाला सोयीची बाजू मिळत नाही.

मेलेल्यांची नोंद ही मालिका कबजा संपल्यावरही चालू ठेवते. सुटकेनंतर सहा जणांचे गुप्त मंडळ फितुरांना पकडून हवाकक्षातून अवकाशात फेकू लागते. जॅमर हा पोलिसांत गेला होता खरा, पण त्याने टिरोलच्या पत्नीला मरणातून सोडवलेही होते, आणि तो मारला जातो. गेटा बाल्टरच्या कचेरीत राहून बंडखोरांना गुप्त माहिती पुरवत होता. कुत्र्याच्या अन्नाचे भांडे पालथे ठेवणे ही त्याची खूण होती आणि केवळ टिरोलला ती आठवल्यामुळे तो वाचतो. कर्नल टायने तर स्वतःच्या पत्नीला विष दिलेले असते, कारण नवऱ्याला वाचवण्यासाठी तिने नकाशा शत्रूला दिला होता. रोझलिन पुन्हा सत्तेवर आल्यावर सर्वांना माफी जाहीर करते. जिंकल्यानंतर आपल्याच माणसांचे काय करायचे, हा प्रश्न बहुतेक कथा टाळतात. या मालिकेने त्यासाठी संपूर्ण भाग खर्च केला. मार्च २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क येथील मुख्यालयात या मालिकेचे निर्माते आणि कलाकार यांच्यासह मानवी हक्क, दहशतवाद आणि सलोखा या विषयांवर चर्चासत्र झाले. दूरचित्रवाणीच्या काल्पनिक मालिकेला असा मान क्वचित मिळतो, आणि तो योग्यच होता.

‘स्टार ट्रेक: एंटरप्राइज’च्या २००३-०४ मधील तिसऱ्या पर्वाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पृथ्वीवर अचानक हल्ला होतो, सत्तर लाख माणसे मरतात, कॅप्टन आर्चर बदल्यासाठी निघतो आणि कैद्याची हवा काढून घेऊन माहिती मिळवतो. ११ सप्टेंबरची छाया इतकी थेट आहे की रूपकाला स्वतःचे काही सुचतच नाही. सत्तर लाखांतली कॅप्टनच्या सहकाऱ्याची एक बहीण सोडली तर कोणाचा चेहरा दिसत नाही.

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतील झायगॉन या परग्रहवासीयांची जोडकथा मात्र वेगळ्या कारणासाठी पाहावी. ती ३१ ऑक्टोबर आणि ७ नोव्हेंबर २०१५ रोजी प्रसारित झाली, आणि त्यानंतर एका आठवड्याच्या आतच पॅरिसमध्ये हल्ले झाले. तहानुसार दोन कोटी झायगॉन माणसांचे रूप घेऊन पृथ्वीवर वसवले गेले आहेत आणि त्यांतला एक लहान गट बंड करतो. पीटर कपाल्डी यांनी साकारलेला मालिकेचा नायक डॉक्टर शेवटी युद्धाविषयी जे दीर्घ भाषण करतो, ते अभिनयाचा वस्तुपाठ आहे. पण मला या कथेत जास्त मोलाचा वाटतो तो एक छोटा प्रसंग. बंडखोर एका सामान्य झायगॉनाचे मानवी रूप बळजबरीने हिरावून घेतात. तो कोणाच्याही बाजूचा नाही, त्याला फक्त येथे राहायचे होते. आता सगळे त्याला पाहतील या भीतीने तो जीव देतो. बंडखोरांना नेमके हेच हवे होते, एकाला उघडे पाडले की माणसे सगळ्यांच्या अंगावर येतील. मालिकेची उणीव अशी की स्वतःच्या रूपात उघडपणे जगण्याचा हक्क झायगॉनांना का नाही, हा बंडखोरांचा मुद्दा डॉक्टरच्या भाषणाखाली दबून जातो. भाषण संपते, तह टिकतो, आणि झायगॉन पुन्हा लपून राहू लागतात.

एकाच्या कृत्याची किंमत त्याच्या जातीतल्या सर्वांकडून वसूल केली जाते, हे कोल्हापूरच्या माणसाला परग्रहावर जाऊन शिकावे लागत नाही. गांधीजींची हत्या झाल्यावर १९४८ साली उसळलेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. त्या हत्येशी स्टुडिओत काम करणाऱ्या रंगाऱ्यांचा, सुतारांचा आणि प्रकाशयोजना सांभाळणाऱ्यांचा काय संबंध होता? झायगॉनांची कथा दाखवल्यावर मी वर्गात हा प्रसंग सांगतो, आणि त्यानंतरची चर्चा ब्रिटनविषयी राहत नाही.

‘अँडोर’ ही ‘स्टार वॉर्स’च्या विश्वात घडणारी टोनी गिलरॉय यांची मालिका सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि मे २०२५ मध्ये दोन पर्वांत पूर्ण झाली. तिच्यात जादू नाही, नियतीने निवडलेला वीर नाही, आणि साम्राज्याचे जुलूम कचेरीतल्या बैठकांमधून, फायलींमधून आणि बढतीच्या चढाओढीतून चालतात. पहिल्या पर्वात बंडखोरांची छोटी तुकडी अल्डानी नावाच्या ठिकाणी साम्राज्याचा पगाराचा खजिना लुटते. हा भाग पाहून झाल्यावर भुदरगडकडची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, हे तर आमच्या गारगोटीचंच झालं की!” तिचे बरोबर होते. १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या सरकारी कचेरीवर क्रांतिकारकांनी चाल केली आणि त्यात सात जण हुतात्मा झाले. त्या तालुक्यात वाढलेल्या मुलीला खजिन्यावर चालून जाणारी तुकडी पाहून आपले गाव आठवणे स्वाभाविक होते. सरकारदप्तरी जे दरोडेखोर होते ते गावाच्या चौकात हुतात्मे झाले, आणि साम्राज्य कोणाचे आहे यावर शब्द ठरतात, हे तिने एका वाक्यात सांगितले.

पण मालिका तेथे थांबत नाही, आणि मीही वर्गाला तेथे थांबू दिले नाही. अल्डानीवरची तुकडी तळावरच्या अधिकाऱ्याच्या पत्नीला आणि लहान मुलाला ओलीस धरते, हे तिला मी पुन्हा पाहायला लावले. लुटीनंतर साम्राज्य सूड म्हणून शिक्षा कडक करते, आणि खुद्द मालिकेचा नायक कॅसियन अँडोर काहीही न करता रस्त्यावरून उचलला जाऊन सहा वर्षांसाठी तुरुंगात जातो. लुटीचा सूत्रधार लुथेन याला हे आधीच ठाऊक होते. माणसे भरडली जावीत, म्हणजे ती उठतील, असा त्याचा हिशेब आहे आणि तो त्याने बंडाला छुपी मदत करणाऱ्या सिनेटर मॉन मॉथ्माजवळ बोलूनही दाखवला आहे. पुढे एका हेराला वाचवण्यासाठी तो आपल्याच बाजूच्या एका टोळीला सापळ्यात मरू देतो. दहशतवादाची एक यंत्रणा अशी असते की जुलमी सत्तेला चिथावून तिच्याकरवी सामान्य माणसाला दुखवायचे. लुथेन आपल्या बाजूचा आहे, त्याचा उद्देश न्याय्य आहे, आणि तरीही मालिका ही यंत्रणा त्याच्या हातात ठेवून दाखवते.

यावरून आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. बॉम्ब ठेवणाऱ्याच्या जागी प्रेक्षकाला बसवणे हे समर्थन नाही, पण ते समर्थनात घसरू शकते, आणि घसरण्याची जागा ठरलेली आहे. शत्रूला चेहरा नसला, तो केवळ यंत्र किंवा मुखवटा असला, आणि स्फोटात मेलेल्यांपैकी कोणाचेही पुढे कथेत स्मरण झाले नाही, तर रूपक माणसे मारणे सोपे करून ठेवते. ही घसरण फक्त विज्ञानकथेत होते असेही नाही. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असते. त्याच रात्री मागच्या बग्गीत मारल्या गेलेल्या लेफ्टनंट आयर्स्टविषयी किती जणांना सांगता येईल? चापेकरांविषयीचा माझा आदर त्याने कमी होत नाही, पण त्या रात्रीवर कोणी नाटक लिहिणार असेल तर आयर्स्टला त्यात संवाद असावा, असे मी आग्रहाने म्हणेन. ज्यांच्या शहराने खरे स्फोट सोसले आहेत, ज्यांची माणसे २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत गेली, त्यांना हल्लेखोराच्या जागी बसून कथा पाहवत नसेल, तर त्यांना कलेची समज नाही असे म्हणण्याचा कोणालाही अधिकार नाही. उलट त्यांचा आक्षेप लेखकाने सर्वांत आधी ऐकावा.

आपण प्रश्नासोबत एकांकिकेचा आराखडाही पाठवला आहे: भविष्यातील एक नदीकाठचे नगर, पाण्याचे वाटप करणारी यंत्रे, आणि बंधाऱ्यावर स्फोट घडवण्याच्या तयारीत असलेले तीन तरुण. विषय आपल्या मातीतला आहे, पंचगंगेच्या काठी पाण्याचे राजकारण कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मात्र आराखड्यात यंत्रे वाईट आहेत यापलीकडे त्या जगाचा नियम मला दिसला नाही. यंत्रे पाणी कशाच्या आधारावर तोडतात, ते ठरवा. एका घराने बंड केले की संपूर्ण गल्लीचे पाणी बंद होते, असा नियम असेल तर तिन्ही तरुणांच्या घरांतले संवाद बदलतील. आई मुलाला अडवेल ती भीतीपोटीच असे नाही, शेजारणीच्या तान्ह्या बाळासाठीही अडवेल. दुसरे असे की, बंधाऱ्यावर रात्रपाळीला असलेला रखवालदार आपण ‘पहारेकरी १’ असा लिहिला आहे. त्याला नाव द्यावे, पहिल्या प्रवेशातच रंगमंचावर आणावे, आणि तिघांपैकी एकाशी त्याची जुनी ओळख असावी. स्फोट दाखवायचा की नाही, हा निर्णय त्यानंतर घ्यावा. ‘ड्युएट’ आणि न्यू कॅप्रिकाचे पहिले दोन भाग याच क्रमाने पाहून मग दुसरा खर्डा लिहावा आणि मला पाठवावा. मी तो शाहू स्मारकात होणाऱ्या आमच्या पुढच्या वाचनाला घेऊन येईन.